पाच धिप्पाड गडी आणि एक महागडी निवड

२०२१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात फुटबॉलवेडी माणसं एकमेकांना एकच प्रश्न विचारत होती: सूएल की चेस?

इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि लंबगोल चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. शहराचा बेंगल्स हा संघ आदल्या मोसमात सोळापैकी चारच सामने जिंकला होता. त्याहून वाईट म्हणजे ज्याच्यावर सगळी भिस्त, तो तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, जो बरो नोव्हेंबरमध्ये गुडघ्याचे अस्थिबंध फाटून मैदानाबाहेर गेला होता. वाईट मोसमाची भरपाई म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीत संघाचा नंबर पाचवा लागला. समोर दोन नावं होती. ऑरेगन विद्यापीठाचा पेने सूएल हा दीडशे किलोच्या आसपासचा, क्वार्टरबॅकचं रक्षण करणारा गडी. दुसरा जमार चेस, वाऱ्यासारखा पळून चेंडू झेलणारा आणि बरोचा कॉलेजातला जोडीदार.

मोडक्या गुडघ्याच्या क्वार्टरबॅकला आधी काय हवं, संरक्षण की झेलणारा? संघाने चेस घेतला. अनेक जाणत्यांनी कपाळाला हात लावला. दहाच महिन्यांनी हा संघ सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात पोहोचला, आणि त्या सामन्यात बरोला सात वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवलं गेलं. दोन्ही बाजूंचे लोक आजही त्याच सामन्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो!

दर एप्रिलमध्ये हा वाद कुठल्या ना कुठल्या शहरात नव्याने पेटतो. आपल्याकडे सुपर बोल सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. तरी तो पाहणारे आता इथेही वाढताहेत, आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत तर दुसरी पिढी यावरच पोसली आहे. म्हणून हे कोडं मुळापासून उलगडू.

हे पाच जण करतात काय?

आक्रमण करणाऱ्या संघाचे अकरा जण मैदानात असतात. त्यातले पाच ओळीने अगदी पुढे वाकून उभे राहतात. ही ऑफेन्सिव्ह लाइन; पुढे मी तिला नुसती 'लाइन' म्हणेन. मधला सेंटर. तो पायांमधून चेंडू मागे देतो तेव्हा खेळ सुरू होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन गार्ड आणि दोन्ही टोकांना दोन टॅकल. नेहमीच्या डावात यांना पुढे टाकलेला पास झेलायची मुभाही नसते. समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच काम. मागे क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला अडीच-तीन सेकंद मिळाले पाहिजेत, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्याला वाट मिळाली पाहिजे.

क्वार्टरबॅकला चेंडू हातात असतानाच पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. संघ मागे ढकलला जातो, चेंडू निसटू शकतो, क्वार्टरबॅक जायबंदी होऊ शकतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे वळलेली असते, त्यामुळे डाव्या टॅकलला फार भाव आला. १९८५ साली वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय समोरच्या संघाच्या लॉरेन्स टेलरच्या धडकेत टीव्हीवर सगळ्यांदेखत मोडला, ते दृश्य त्या पिढीच्या प्रशिक्षकांच्या डोक्यातून कधी गेलं नाही. आता चांगले हल्लेखोर दोन्ही बाजूंनी आणि मधूनही येतात. डाव्या-उजव्याचं ते अंतर बरंच मिटलं आहे.

लाइनमनची कामगिरी मोजायला धड आकडा नसतो. झेलणाऱ्याचे यार्ड मोजता येतात, धावणाऱ्याचेही. याने सगळं नीट केलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याची नोंद धावफलकावर होत नाही.

ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे

आयपीएलमुळे आपल्या डोळ्यांसमोर लगेच लिलावाचा हातोडा येतो. एनएफएल या अमेरिकन लीगमध्ये तसं नाही. ३२ संघ ओळीने कॉलेजातून आलेले खेळाडू निवडतात. ढोबळमानाने सगळ्यात वाईट संघाला आधी पाळी, विजेत्याला शेवटी. अशा सात फेऱ्या. बोली लागत नाही, आणि मला अमुक शहरात खेळायचंय असं म्हणायची खेळाडूला सोय नाही. संघ मात्र आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात खेळाडू किंवा इतर पाळ्या घेऊ शकतात.

यातली खरी मेख पगारात आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११च्या करारापासून नवख्या खेळाडूचा पगार तो कितवा निवडला गेला यावर जवळजवळ ठरूनच येतो. २०१०चा पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड याला पाच कोटी डॉलरची हमी मिळाली होती. पुढच्याच वर्षी पहिला आलेल्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे २.२ कोटींचा होता. शिवाय प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. २०२५ साली ती जवळपास २८ कोटी डॉलर होती.

म्हणजे वरची निवड ही चांगल्या खेळाडूइतकीच स्वस्त खेळाडू मिळवण्याची संधी असते. सूएलचा पहिला चार वर्षांचा करार साधारण २.४ कोटींचा होता. २०२४ मध्ये त्याने पुढच्या चार वर्षांसाठी ११.२ कोटींवर सही केली. या दोन आकड्यांमधला फरक हा संघाचा नफा. तो पैसा दुसरीकडे लावता येतो.

मग ज्या जागेचा बाजारभाव सगळ्यात जास्त, तिथे नफाही जास्त. २०२५चे भाव ढोबळमानाने असे होते: अव्वल क्वार्टरबॅक वर्षाला सहा कोटींपर्यंत, अव्वल झेलणारा चार कोटींच्या आसपास, क्वार्टरबॅकवर धावून जाणारा हल्लेखोर चार कोटींच्याही वर, टॅकल तीन कोटींच्या अलीकडे, गार्ड दोन कोटींच्या किंचित पुढे. चेसने २०२५ मध्ये चार वर्षांसाठी १६.१ कोटी घेतले. निव्वळ हिशेबाने पाहिलं तर चेस हा सूएलपेक्षा फायद्याचा सौदा होता, आणि सहाव्या-सातव्या क्रमांकाला गार्ड घेणं हा फारच कमी फायद्याचा.

मग टॅकल इतक्या वर का जातात?

कारण ते दुसरीकडे मिळत नाहीत. करार संपलेले खेळाडू दर मार्चमध्ये खुल्या बाजारात येतात, पण तिथे चांगला तरुण टॅकल क्वचितच दिसतो. ज्याच्याकडे असतो तो संघ त्याला सोडत नाही. सोडलाच तर किंमत डोळे पांढरे करणारी. २०१९ मध्ये ह्यूस्टनने लॅरमी टन्सिलसाठी मायामीला पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि दुसऱ्या फेरीची एक मोजली. ज्यांना एवढं द्यायचं नाही त्यांच्यापुढे ड्राफ्ट हाच रस्ता उरतो. त्या आकारमानाची, तेवढ्या चपळ पायांची आणि लांब हातांची माणसं मुळात कमी जन्मतात, आणि ती बहुतेक पहिल्या दीड फेरीतच उचलली जातात.

हातांवरून आठवलं. टॅकलच्या हाताची लांबी दर वर्षी टेपने मोजतात आणि ३३ इंचांची लक्ष्मणरेषा धरतात. २०२५ मध्ये न्यू इंग्लंडने चौथ्या क्रमांकावर घेतलेल्या विल कॅम्बेलचा हात पहिल्या मोजणीत अर्ध्या इंचाहूनही कमी फरकाने तोकडा भरला, तर त्यावर आठवडेच्या आठवडे चर्चा झडली. पत्रिका जुळवतानाही इतकी काटेकोर मोजदाद होत नसेल.

एकच खांब मजबूत करून काय होतं?

आता मुख्य मुद्दा. सगळ्या शेताला काटेरी कुंपण घातलं आणि एका जागी खिंडार ठेवलं, तर गुरं तिथूनच शिरतात. बाकीचं कुंपण किती भक्कम आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. लाइनचं तसंच आहे. समोरच्या संघाचा प्रशिक्षक आठवडाभर चित्रफिती पाहतो, पाचातला सगळ्यात कच्चा कोण ते हेरतो आणि आपला सगळ्यात तगडा माणूस त्याच्यासमोर उभा करतो. झेलणाऱ्याच्या बाबतीत असं नसतं. एक झेलणारा असामान्य असेल तर तो एकटा सामना फिरवू शकतो. लाइनची ताकद मात्र सगळ्यात कमजोर गड्यावर ठरते.

क्लीव्हलंडच्या जो थॉमसचं उदाहरण यासाठी पुरेसं आहे. २००७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेलेला हा डावा टॅकल सलग १०,३६३ डाव मैदानात होता, एकही न चुकवता. २०२३ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा, म्हणजे खेळातल्या थोरांच्या यादीत जाण्याचा मान मिळाला. अशी निवड कुठल्याही संघाने डोळे मिटून करावी. पण त्याच्या अख्ख्या कारकिर्दीत क्लीव्हलंड एकदाही बाद फेरीत पोहोचलं नाही. २०१६ मध्ये सोळापैकी एक सामना जिंकला, २०१७ मध्ये शून्य. त्याच्या मागे क्वार्टरबॅक येत गेले, पडत गेले, जात गेले.

आता कॅन्सस सिटी पाहा. त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स, या पिढीतला सर्वोत्तम म्हणावा असा. फेब्रुवारी २०२१च्या सुपर बोलमध्ये त्यांचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीने बाहेर होते. महोम्स सामनाभर मागे-मागे पळत राहिला आणि संघ ३१-९ असा हरला. त्या उन्हाळ्यात त्यांनी लाइनच बदलून टाकली. डावा टॅकल ऑर्लँडो ब्राउन सौद्यात आणला, त्यासाठी पहिल्या फेरीची निवड दिली. गार्ड जो थुनी बाजारातून विकत घेतला. सेंटर क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत मिळाला, गार्ड ट्रे स्मिथ चक्क सहाव्या फेरीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये समोर फिलाडेल्फिया होतं, ज्याने मोसमात ७० सॅक केले होते. त्या अंतिम सामन्यात महोम्सला एकदाही पाडता आलं नाही. ३८-३५ने विजय.

दोन वर्षांनी तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, पण कॅन्सस सिटीला डावा टॅकल धड सापडला नव्हता. थुनीला गार्डच्या जागेवरून तिथे सरकवलं होतं. महोम्स सहा वेळा पडला. ४०-२२ने हार. क्वार्टरबॅक तोच, सेंटर तोच, आणि कुंपणाला एका टोकाला खिंडार.

"पण चांगले गडी शेवटच्या फेऱ्यांतही मिळतात की!"

मिळतात. फिलाडेल्फियाचा सेंटर जेसन केल्सी २०११ मध्ये १९१वा होता. त्याच संघाचा डावा टॅकल जॉर्डन मायलाटा मूळचा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू. २०१८ मध्ये २३३व्या क्रमांकावर घेतला तेव्हा अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. ज्या सुपर बोलमध्ये बेंगल्स हरले, त्यात जिंकलेल्या लॉस एंजेलिस रॅम्सच्या लाइनमध्ये पहिल्या फेरीतला एकही जण नव्हता. दुसऱ्या फेरीतले तीन, चौथ्यातला एक, पाचव्यातला एक.

हे वाचून 'मग वरची निवड कशाला खर्च करायची' असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याला आठवतात ते यशस्वी झालेले. शेवटच्या फेऱ्यांत दर वर्षी डझनांनी लाइनमन निवडले जातात आणि त्यातले बहुतेक दोन-तीन वर्षांत गुपचूप नाहीसे होतात. त्यांची नावं कोणाच्या तोंडी नसतात. मायलाटाला घडवायला फिलाडेल्फियाकडे जेफ स्टाउटलँड हा लाइनचा नावाजलेला प्रशिक्षक होता, आणि तो मैदानात उतरेपर्यंत दोन मोसम थांबायची तयारी होती. असा प्रशिक्षक आणि असा धीर ज्यांच्याकडे नाही, त्यांनी मायलाटाचा दाखला देऊ नये.

"वरच्या निवडीही फसतात"

हा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. १९८९ मध्ये ग्रीन बेने दुसऱ्या क्रमांकावर टॅकल टोनी मँडरिच घेतला. त्याच्या आधीचा एक आणि नंतरचे तीन, असे चारही जण हॉल ऑफ फेममध्ये गेले. मँडरिचला ग्रीन बेत चारच मोसम निघाले.

पण एकट्यादुकट्या नावापेक्षा २०१३चा ड्राफ्ट जास्त शिकवतो. त्या वर्षी पहिल्या दहांत पाच लाइनमन गेले. पहिला एरिक फिशर बरा निघाला, ताऱ्यांतला नव्हे. दुसरा लूक जोकेल चार मोसमांत संघाबाहेर. सातव्या आणि दहाव्या क्रमांकाचे दोन्ही गार्ड फिके पडले. चौथा लेन जॉन्सन, जो कधीकाळी क्वार्टरबॅक होता, तो मात्र पुढे दशकभर फिलाडेल्फियाचा उजवा टॅकल म्हणून गाजला. त्याच ड्राफ्टमध्ये टेरन आर्मस्टेड तिसऱ्या फेरीत मिळाला, डेव्हिड बाख्तियारी चौथ्या. दोघेही पुढे नामांकित डावे टॅकल झाले.

एवढी गफलत का होते? कॉलेजचा खेळ वेगळा असतो. तिथे चेंडू पटकन फेकतात, मैदान पसरून खेळतात, लाइनमनला मागे सरकत तीन सेकंद तग धरायची वेळ कमी येते. त्यात २०११च्या करारानंतर मोसमात पॅड घालून सराव करायच्या दिवसांवर बंधन आलं. हाणामारीचं काम हाणामारी न करता शिकायचं, हे अवघडच.

अर्थात क्वार्टरबॅक काय, हल्लेखोर काय, फसण्याचा धोका सगळीकडे आहे. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि त्यांचे सहकारी केड मॅसी यांनी जुन्या ड्राफ्टचा अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता त्यांना जेमतेम ५२ टक्के आढळली. नाणेफेकीहून किंचित बरी. त्यांच्या मते चूक कुठे होते, तर एकाच माणसासाठी वेडं होऊन चार निवडी देऊन वर सरकण्यात. खाली सरकून जास्त निवडी घेणारा सहसा फायद्यात राहतो. ज्याला पाच जणांची लाइन उभी करायची आहे त्याला हे जास्तच लागू पडतं.

"सॅक झाला म्हणजे लाइनच दोषी?"

नाही, आणि हे प्रेक्षकांना पटवणं कठीण जातं. चेंडू किती वेळ हातात धरायचा हे क्वार्टरबॅक ठरवतो. पेटन मॅनिंगसारखा क्वार्टरबॅक समोरची रचना आधीच ओळखून चेंडू सोडून द्यायचा, म्हणून सुमार लाइनमागेही फारसा पडायचा नाही. बरो सुरुवातीच्या वर्षांत मोठ्या फेकीसाठी थांबायचा, आणि थांबण्याची किंमत मोजायचा. २०२१च्या मोसमात तो ५१ वेळा पडला, लीगमध्ये सर्वाधिक. टेनेसीविरुद्धच्या बाद फेरीत नऊ वेळा पडला आणि तरी जिंकला.

सिनसिनाटीचं मग चुकलं की बरोबर ठरलं?

माझ्या मते चेसची निवड बरोबर होती. त्याने पहिल्याच मोसमात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणं) केले. तो नसता तर हा संघ त्या सुपर बोलपर्यंत पोहोचलाच नसता. शिवाय त्या सामन्यात शेवटच्या निर्णायक डावात बरोला ज्याने गाठलं, तो ॲरन डोनाल्ड मधून घुसणारा खेळाडू, आणि तो घुसला गार्डच्या अंगावरून. सूएल असता तर उजव्या टोकाला असता. डाव्या टोकाला तर बेंगल्सचा पहिल्या फेरीतला टॅकल, जोना विल्यम्स, आधीच उभा होता.

संघाची चूक जुनी होती. २०१५ मध्ये त्यांनी पहिल्या दोन फेऱ्यांत दोन टॅकल घेतले, म्हाताऱ्या होत चाललेल्या अँड्र्यू व्हिटवर्थच्या जागी. दोघेही फसले. तरी २०१७ मध्ये व्हिटवर्थला जाऊ दिलं. तो रॅम्सकडे गेला आणि पाच वर्षांनी, वयाच्या चाळिशीत, याच बेंगल्सना हरवून सुपर बोल जिंकला. मधल्या वर्षांत गार्डच्या जागा कशाबशा भरल्या गेल्या. चेसनंतर लगेच दुसऱ्या फेरीत लाइनमन घेतला, तोही टिकला नाही.

सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. तिथे पहिल्या फेरीतले आणखी दोघे, टॅकल टेलर डेकर आणि सेंटर फ्रँक रॅगनाओ, आधीपासून होते. तरी पहिल्या वर्षी संघाने सतरापैकी तीनच सामने जिंकले. मग नऊ, मग बारा, आणि २०२४ मध्ये पंधरा. लाइन हे असं सावकाश फळणारं काम आहे, आणि नोकरी टिकवण्याच्या चिंतेतल्या प्रशिक्षकाला एवढा वेळ क्वचितच मिळतो.

म्हणून वरच्या क्रमांकावर टॅकल घ्यावा का, याचं माझं उत्तर: घ्यावा, पण उरलेल्या चारांपैकी निदान तिघे ठाकठीक असतील किंवा त्यांची सोय डोळ्यांसमोर असेल तरच. लाइन सगळीकडूनच खिळखिळी असेल तर एकावर सगळं लावण्यापेक्षा ती निवड विकून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या दोन-तीन निवडी घ्याव्यात, आणि त्याआधी लाइनचा चांगला प्रशिक्षक शोधावा.

आणि गार्ड?

गार्डला पहिल्या दहांत घेणं मला अजूनही महाग वाटतं. इंडियानापोलिसने २०१८ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलेला क्वेंटन नेल्सन हा सन्माननीय अपवाद. डोनाल्डसारखे मधून घुसणारे वाढल्यापासून गार्डचे भाव चढताहेत हे खरं. पण गार्ड मिळवायच्या वाटा अजून बऱ्याच आहेत. त्यातली एक म्हणजे दुसऱ्याचा फसलेला टॅकल. मेखाय बेक्टन २०२० मध्ये अकराव्या क्रमांकावर टॅकल म्हणून न्यू यॉर्क जेट्सकडे गेला. दुखापती, वजन, टीका, सगळं झालं. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला एका वर्षासाठी किरकोळ पैशांत उचललं, स्टाउटलँडच्या हाती दिलं आणि उजव्या गार्डच्या जागी उभं केलं. महोम्स सहा वेळा पडला त्या सुपर बोलमध्ये विजेत्यांचा उजवा गार्ड तोच होता.